डोंगरावरचं तळं

तो माझ्याकडे भविष्य विचारायला आलाच नव्हता. त्याला फक्त ओला शर्ट वाळवायला गरम जागा हवी होती, आणि हायडेलबर्गच्या त्या जुन्या इमारतीतला एकमेव धड चालणारा हीटर नेमका माझ्या टेबलामागे होता.

ऑक्टोबरातला शनिवार होता. आमच्या इन्स्टिट्यूटचा ‘टाग डेअर ऑफेनेन ट्यूर’, म्हणजे दारं सताड उघडी टाकून गावातल्या लोकांना आत बोलवायचा दिवस. मी इथे एका फार जुन्या चिनी शकुनाच्या पोथीवर पीएच.डी. करते. त्यामुळे प्रोफेसरबाईंनी मला चौकोनी भोकाची तीन तांब्याची नाणी दिली, ती जाडजूड पोथी दिली आणि पाटी लावून बसवलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘प्राचीन चीनमधला कौल. स्वतः लावून पाहा.’ सकाळपासून सगळ्या आज्याच येत होत्या. एकीला मांजर पाळायचं होतं, दुसरीला गुडघ्याचं ऑपरेशन टाळायचं होतं.

आणि मग हा आला. केसांतून पाणी गळतंय, दाढीतून गळतंय, बुटांतून प्रत्येक पावलाला पचक पचक आवाज.

‘‘मी इथे जरा उभा राहिलो तर चालेल?’’ त्याने जर्मनमध्ये विचारलं. व्याकरण अगदी शुद्ध, पण उच्चार थेट सदाशिव पेठेतले. मी ओळखलं, पण गप्प राहिले.

‘‘नुसतं उभं राहता येणार नाही,’’ मीही जर्मनमध्येच म्हणाले. ‘‘हीटर हवा असेल तर कौल लावावा लागेल.’’

‘‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही,’’ तो म्हणाला, आणि इतक्या जोरात शिंकला की नाणी टेबलावर उडाली. ‘‘आई गं…’’

‘‘घ्या,’’ मी मराठीत म्हणाले. ‘‘बोलताक्षणीच माशी शिंकली.’’

तो वळला. भुवईवरून एक थेंब माझ्या पोथीवर पडला आणि तो इतका गोरामोरा झाला की मला हसू आवरेना. नाव श्रीनाथ. बॉबलिंगेनला एका कंपनीत गाड्यांच्या इंजिनांचे पिस्टन डिझाइन करायचा.

‘‘म्हणजे अजून तरी करतो,’’ खुर्ची हीटरजवळ ओढत तो म्हणाला. ‘‘आमचा विभागच बंद होतोय. बॅटरीचे दिवस आले, पिस्टनला कोण विचारतंय.’’

‘‘मग?’’

‘‘मग दोन रस्ते. एक, पुण्याच्या ऑफिसात साहेब होऊन परत जायचं. दुसरा, इथेच राहून बॅटरीवाल्यांकडे अगदी पहिल्यापासून शिकायचं, माझ्याहून लहान पोरांच्या हाताखाली. नोव्हेंबरअखेरीला उत्तर द्यायचंय.’’

‘‘हा घ्या, झाला की तुमचा प्रश्न,’’ मी नाणी त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली. ‘‘आता मोठ्याने विचारा.’’

‘‘मोठ्याने? लाज वाटते हो.’’

‘‘आमच्या गावात गाऱ्हाणं मोठ्यानेच घालतात. देवळातला कौल माझे बाबाच लावतात.’’

हे खरं होतं. आम्ही सिंधुदुर्गातले गुरव. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी त्या देवळाच्या ओसरीवर अभ्यास केला आणि तिथून उठून चिनी कौलावर पीएच.डी. करायला जर्मनीत आले. ‘कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच,’ असं आई म्हणते.

त्याने गाऱ्हाणं घातलं. ‘‘परत जाऊ का राहू?’’ एवढंच, आणि हळूच. मग नाणी टाकली. तीन नाणी एकदा टाकली की एक रेघ मिळते, अखंड किंवा मधे तुटलेली. अशा सहा रेघा, घर बांधावं तशा खालून वर रचायच्या. त्याची पहिलीच रेघ तुटलेली आणि त्यातही बदलायच्या बेतात असलेली आली.

‘‘सहा वेळा टाकलेल्या नाण्यांवर आयुष्य?’’ तो पुटपुटला. ‘‘आम्ही पिस्टनसुद्धा हजारदा तपासतो.’’

‘‘पिस्टन बदलता येतो. टाका.’’

आकृती पूर्ण झाली आणि मी पोथी उघडली. खाली डोंगर, वर तळं. डोंगरमाथ्यावरचं तळं. ती आकृती मला पाठ होती. तिच्याखाली मोजकेच शब्द आहेत: यश आहे. टिकून राहणं हिताचं. आणि मग… मुलगी करून घेणं शुभ.

हे वाक्य मी जर्मनमध्ये वर्गासमोर कितीदा तरी म्हटलंय. पापणीसुद्धा न लववता. पण मराठीत? समोर बसलेल्या, भिजलेल्या, एवढ्या लांब पापण्या असलेल्या मराठी मुलाला, ओळख होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर सांगायचं की बाबा रे, लग्न कर? तो काय समजला असता? जर्मन माणसाला ते तीन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य वाटलं असतं. मराठी माणसाला ते स्थळ वाटलं असतं.

मी ते वाक्य गिळलं.

‘‘यश आहे म्हणते पोथी. टिकून राहा. डोंगराने वरचा भाग रिकामा ठेवलाय म्हणून तिथे पाणी साठलं, तसं मन मोकळं ठेवा, लोकांचं ऐका.’’

‘‘बस?’’

‘‘बस.’’

‘‘पानावर तर बरंच काही दिसतंय.’’

‘‘चिनी लिपी फार जागा खाते,’’ मी ठोकून दिलं. वास्तविक तिच्याइतकी काटकसरी लिपी जगात नसेल. ‘‘आणि ही तुमची बदलणारी रेघ. सगळ्यात खालची. तिच्यापाशी लिहिलंय, पायाच्या अंगठ्यात हालचाल. म्हणजे काहीतरी सुरू झालंय, पण अजून कुणाला दिसत नाही.’’

त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. ‘‘अंगठ्यात सध्या फक्त पाणी आहे.’’

‘‘ती रेघ बदलली की नवी आकृती होते. तिचं नाव… कात टाकणं.’’

यावर मात्र तो हसला नाही. बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसला. मग उठला, शर्ट चाचपला, म्हणाला, ‘‘वाळला की.’’ बाहेर पाऊस तसाच होता. मी त्याला इन्स्टिट्यूटची छत्री दिली. ती परत आणायलाच लागेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

पुढच्या शनिवारी छत्री आली. बरोबर डब्यातून थालीपीठंही आली, त्याच्या आईने पाठवलेल्या भाजणीची.

‘‘चाचणी परत करायचीय,’’ तो म्हणाला. ‘‘एका निकालावर माझा अहवाल पास होत नाही.’’

‘‘करता येणार नाही. पोथीच सांगते, पहिल्यांदा विचारलंस तर सांगेन, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलास तर तो त्रास.’’

‘‘आणि पहिल्यांदा विचारल्यावर पूर्ण सांगतात, असंही लिहिलंय का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘काही नाही,’’ तो डबा उघडत म्हणाला. ‘‘बरं, नवा प्रश्न. दाढी काढू का ठेवू?’’

असला प्रश्न त्या पोथीला तीन हजार वर्षांत कुणी विचारला नसेल. पण नाणी टाकली आणि जी आकृती आली, तिच्या बदलणाऱ्या रेघेत चक्क लिहिलेलं होतं, हनुवटीवरची दाढी सजवावी. मी ते अक्षर दोनदा तपासलं. दाढीच. श्रीनाथने विजयी मुद्रेने दाढीवरून हात फिरवला.

‘‘विश्वास बसला?’’ मी विचारलं.

‘‘पोथीवर नाही. दाढीवर बसला.’’

मग शनिवार ठरूनच गेले. श्टुटगार्टला गाडी बदलून तो यायचा, एखादा बारका प्रश्न घेऊन. चहातली साखर सोडू का. गिटार विकून टाकू का. आम्ही नाणी टाकायचो, पोथीवरून भांडायचो आणि मग नेकारच्या काठाने चालत सुटायचो. एकदा जुन्या पुलावर वारा इतका बोचरा होता की त्याने त्याचा मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला. गाठ मारायची की नाही हे कळेना म्हणून दोन्ही टोकं हातात धरून तसाच उभा राहिला.

‘‘अहो, गळा आवळताय का?’’ मी म्हणाले.

‘‘एक सांगू? ऑफिसात माझा साठीचा बॉस मला थेट ‘डू’ म्हणतो, अरे-तुरे करतो. कँटीनमधल्या बाई ‘डू’ म्हणतात. आणि तुम्ही मला ‘अहो’ म्हणता… घरातल्यासारखं वाटायला लागलंय.’’

मी लाल झाले. वाऱ्याने झाले, असं म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही अरे-तुरेवर आलो. मफलर मी परत दिला नाही.

मला तो आवडायला लागला होता. तो हसताना आधी डोळे मिटायचा ते, थालीपीठाला पाच भोकं नीट समान अंतरावर पाडायचा ते. डोंगरावरच्या तळ्याची ती आकृती पायाच्या अंगठ्यापासून वर चढत जाते. पोटरी, मांडी, काळीज, मान, आणि शेवटी जीभ. माझं काळजापर्यंत विनासायास पोचलं होतं. जिभेपाशी अडलं होतं. कारण जे वाक्य पहिल्या दिवशी सहज सांगून टाकता आलं असतं, ते आता सांगायचं म्हणजे… आता ते नुसतं पोथीतलं वाक्य राहिलंच नव्हतं.

आणि नोव्हेंबरअखेर जवळ येत होती.

‘‘काय ठरवलंस?’’ मी एकदा विचारलं.

‘‘पोथीने जेवढं सांगितलं, तेवढ्यावरून ठरवतोय. टिकून राहा म्हणाली, पण कुठे ते नाही म्हणाली. पुण्यात आई-बाबा आहेत, साहेबाची खुर्ची आहे. इथे…’’ तो थांबला. नदीकडे बघत म्हणाला, ‘‘इथे टिकून राहायला काहीतरी कारण लागेल ना गं.’’

मी नदीतल्या बदकांची चौकशी केली.

नेमक्या शेवटच्या शनिवारच्या आधी त्याचा फोन आला. ‘‘या वेळी नाही जमणार. माझी केरवोखे आहे.’’

‘‘काय आहे?’’

‘‘इकडची श्वाबेन लोकांची पद्धत. बिल्डिंगचा जिना सगळ्या भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर झाडायचा-पुसायचा. पाळी आली की दाराला पाटी लटकते. शनिवारी तळमजल्याच्या फ्राउ हेबरले कोपऱ्यात बोट फिरवून बघतात.’’

‘‘मग पुसून ये की.’’

‘‘सोमवारी एचआरला उत्तर द्यायचंय. जरा एकटा बसून विचार करीन म्हणतो.’’

मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. जिना पुसायचं कारण सांगून मला टाळणारा तो पहिलाच मुलगा. हा चालला पुण्याला, मी मनाशी म्हटलं. आणि मला रडू आलं, मफलरात तोंड खुपसून, चांगलं हुंदके देऊन.

शनिवारी सकाळी मी बाबांना फोन लावला. ते देवळातून नुकतेच आले होते.

‘‘बाबा, कौल लावणाऱ्याने देवाचं अर्धंच सांगितलं तर काय होतं?’’

‘‘अर्धा कित्याक सांगतलो?’’

‘‘लाज वाटली म्हणून.’’

बाबा म्हणाले, ‘‘निरोप्याचा काम निरोप देवचा. गिळलेलो निरोप पोटात ऱ्हवता गो बाय, मगे पोटात दुखता.’’ आणि त्याच दमात, ‘‘झील खयचो?’’

‘‘बाबा! मुलगा कुठला, हे कशाला आत्ता!’’

‘‘बरा, नाय विचारनय. जा, निरोप देवन ये.’’

मी बूट चढवले आणि स्टेशन गाठलं. इतके शनिवार तो माझ्याकडे आला होता. मी बॉबलिंगेन पाहिलंही नव्हतं.

त्याच्या इमारतीच्या दाराशी एक पांढऱ्या केसांच्या ठेंगण्या बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. फ्राउ हेबरले त्याच, हे विचारावं लागलं नाही. त्यांनी मला आत घेतलं आणि जिन्याकडे बोट दाखवून दटावलं, ‘‘ओला आहे. लिफ्टने जा.’’ मी लिफ्टने वर गेले. त्याचं दार उघडं, मुठीला ‘केरवोखे’ लिहिलेली लाकडी पाटी, आत कुणी नाही. नावातच केर असलेली ही पद्धत खरी होती तर. खालून बादलीचा आवाज आला.

मी बूट काढून हातात घेतले आणि पायमोज्यांवर जिना उतरायला लागले. पायऱ्या ओल्या. दोन जिने उतरेपर्यंत मोजे भिजले आणि अंगठे गार पडले. वळणावर तो दिसला. खालच्या पायरीवर गुडघा टेकून, बाह्या दुमडून, कोपरा घासत होता. मी वर, तो खाली.

‘‘श्रीनाथ.’’

त्याने मान वर केली. हातातलं फडकं बादलीत पडलं.

‘‘ओल्यात पाय कशाला घातलास,’’ एवढंच तो म्हणाला.

‘‘तुझ्या कौलातलं एक वाक्य सांगायचं राहिलं होतं.’’ आता थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. ‘‘पहिल्या दिवशीचं. डोंगर आणि तळ्याचं. त्यात लिहिलंय की… मुलगी करून घेणं शुभ. मी गाळलं. जर्मनमध्ये सांगितलं असतं रे, पण मराठीत तोंड उघडेना. तुझा निर्णय अर्ध्या कौलावर व्हायला नको म्हणून आले.’’

तो तसाच गुडघ्यावर होता. डोळे मिटले, म्हणजे हसणार होता.

‘‘माहितीये,’’ तो म्हणाला.

‘‘काय माहितीये?’’

‘‘ते वाक्य. त्या दिवशी परतताना गाडीतच फोनवर जर्मन भाषांतर शोधून वाचलं. ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीला विचारलंही, तुमची लिपी फार जागा खाते का. ती अजून हसतेय.’’

माझ्या हातातला एक बूट खाली पडला. टप टप करत त्याच्यापाशी गेला.

‘‘म्हणजे इतके शनिवार… तू बोलला का नाहीस?’’

‘‘कौल ज्याने लावला त्यानेच सांगायचा असतो ना? गुरवाची मुलगी तू. आणि शिवाय,’’ त्याने बूट उचलून फडक्याने पुसला, ‘‘पुढे वाचलं, डोंगर म्हणजे मुलगा आणि तळं म्हणजे मुलगी. डोंगराने खाली राहायचं असतं. गप्प. वाट बघत. फार अवघड काम आहे गं, मी मुळात बडबड्या माणूस.’’

‘‘आणि आजचं टाळणं?’’

‘‘टाळलं नाही. केरवोखे खरीच आहे, बघतेस ना. पण म्हटलं, एकदा न जाऊन बघू. तळं खाली येतं का.’’

मला त्याचा इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की दोन्ही एकदम कसं दाखवावं ते कळेना. मी ओल्या पायरीवर बसकण मारली. तो एक पायरी वर सरकला, गुडघा टेकलेलाच.

‘‘क्षितिजा, एचआरला अजून काही लिहिलेलं नाही. पोथीला विचारलं, जाऊ का राहू. तुला विचारायचं राहूनच गेलं.’’ त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. ‘‘सांग ना. जाऊ का राहू?’’

खिशात नाणी होती. चाळा म्हणून घेऊन आले होते. मी हातसुद्धा घातला नाही.

‘‘राहा,’’ मी म्हणाले. ‘‘बॅटरीवाल्या पोरांच्या हाताखाली शीक, कात टाक, काय हवं ते कर. पण राहा. मला तू हवा आहेस.’’

तो साबणाचा वास येणाऱ्या ओल्या हातांनी माझे गार अंगठे धरून बसला. मग मीच वाकले आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले. दाढी गळ्याला टोचली. पोथीने सांगितलेली दाढी, तक्रार कुणाकडे करणार.

‘‘हेर श्रीनाथ,’’ खालून फ्राउ हेबरलेंचा आवाज आला. त्या कधीपासून कठड्याशी उभ्या होत्या कोण जाणे. ‘‘ते गुडघ्यावर बसणं झालं असेल तर डावा कोपरा राहिलाय.’’ मग माझ्याकडे बघून त्या जरा हसल्या. ‘‘आणि तुम्ही त्याला मदत करा. दोघं असलात की जिना लवकर होतो.’’

मी दुसरं फडकं घेतलं. उरलेल्या पायऱ्या आम्ही मिळून पुसल्या, वरून खाली. तो कोपरे, मी मधला भाग. शेवटची पायरी झाल्यावर मी बाबांना फोन लावला.

‘‘दिलस निरोप?’’ त्यांनी पहिल्या घंटेलाच उचलून विचारलं.

‘‘दिला.’’

‘‘मगे? कौल खयचो पडलो?’’

मी पाहिलं. श्रीनाथ बादली ओतून आला होता आणि माझ्या उजव्या बाजूला उभा राहून माझे ओले मोजे पिळत होता.

‘‘उजवो, बाबा,’’ मी म्हणाले. ‘‘उजवोच पडलो.’’